एकसष्टावी बाटली

नागपुरात अमरावती रोडच्या विद्यापीठ आवारात एम.एस्सी. करत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या फिजिक्स विभागात फॉस्फरवर, म्हणजे ऊर्जा शोषून प्रकाश देणाऱ्या भुकट्यांवर, बरंच संशोधन चालायचं. आजही चालतं. त्यासाठी लागणारी लँथेनाइड नावाच्या धातूंची ऑक्साइडं एका काचेच्या कपाटात ओळीने लावलेली असत. सिरियमची भुकटी फिकट पिवळी. प्रासिओडिमियमची जवळजवळ काळी, जळक्या कॉफीसारखी. निओडिमियमची हलकी जांभळी, ट्यूबलाइटखाली धरली की निळसर भासणारी. आणि तिला खेटून एकदम समॅरियम, सायीच्या रंगाचं.

मी नवा होतो. झाकणावरचे अणुक्रमांक वाचत गेलो. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ, बासष्ट. मला वाटलं, कोणीतरी बाटली काढून नेली आणि परत ठेवली नाही. लॅब अटेंडंटना विचारलं, "काका, एकसष्ट नंबरची कुठं आहे?" ते टेबल पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "ते येतच नाही बापा. मी लागलो तवापासून नाही."

त्यांनी दिलेलं उत्तर अचूक होतं हे मला नंतर कळलं. आता मी अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवतो. वर्गाच्या भिंतीवर आवर्तसारणीचा तक्ता आहे आणि दरवर्षी एखादं तरी पोट्टं त्या चौकोनावर बोट ठेवतं, "सर, ह्याच्या वजनाला कंस काहून आहे?" चौकोनात लिहिलेलं असतं: प्रोमेथियम, ६१, आणि अणुभाराच्या जागी चौकटी कंसात १४५. कंसाचा अर्थ असा, की ह्या मूलद्रव्याचा 'नेहमीचा' अणुभार सांगता येत नाही, कारण ते कायम टिकणारं असं नसतंच. त्यातल्या त्यात जास्त टिकणाऱ्या समस्थानिकाचा, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या रूपाचा, आकडा तिथे लिहून वेळ निभावलेली असते.

लँथेनाइड म्हणजे ५७ ते ७१ क्रमांकाची पंधरा भावंडं. त्यांना 'दुर्मिळ मृदा' म्हणायची पद्धत आहे, आणि ती फसवी आहे. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत ही मंडळी चांगली सापडतात. उन्हाळ्यात तुमच्या घरात फिरणाऱ्या बीएलडीसी पंख्यात निओडिमियमचं चुंबक असू शकतं. धंतोलीतल्या एखाद्या हॉस्पिटलात एक्स-रे काढणाऱ्या माणसाच्या खिशाला जो बॅज लावलेला असतो, त्यातल्या चकत्यांमध्ये डिस्प्रोसियम मिसळलेलं कॅल्शियम सल्फेट असतं. किती किरणोत्सर्ग अंगावर पडला ते त्यावरून मोजतात. पंधरापैकी चौदा अशी रोजच्या व्यवहारातली आहेत. 'दुर्मिळ' हे विशेषण खऱ्या अर्थाने एकालाच शोभतं.

किती दुर्मिळ? अख्ख्या पृथ्वीच्या कवचात एका वेळी सुमारे अर्धा किलो. म्हणजे बुधवार बाजारात तीन-चार संत्री तागडीत टाकली तर जेवढं वजन होईल तेवढंच, आणि तेही हिमालयापासून समुद्रतळापर्यंत अणू-अणूने विखुरलेलं. हा अर्धा किलोही जुना साठा नव्हे. युरेनियमचे अणू कधीमधी आपोआप फुटतात, युरोपियमचे काही अणू अतिशय संथपणे बदलतात, त्यातून थोडं थोडं प्रोमेथियम बनत राहतं आणि तितक्याच वेगाने संपत राहतं. टाकीत नळाची बारीक धार चालू आहे आणि बुडाला भोक आहे, अशी ही पातळी.

आता खरा प्रश्न. साठ टिकतं, बासष्ट टिकतं, मग मधल्यानेच काय पाप केलंय? हा भाग मला स्वतःला फार आवडतो, त्यामुळे जरा सैल हाताने लिहितो.

गणेशपेठच्या एसटी स्टँडवर दिवाळीच्या गर्दीत गाडी लागते तेव्हा काय होतं आठवा. गाडी पुरती थांबायच्या आत खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, एखादा पेपर आत पडतो. दारातून शिस्तीत चढलेला माणूस आत पोचतो तर जागा रिकामी दिसते, पण तिच्यावर रुमाल असतो. प्रोमेथियम हा तो दारातून चढलेला माणूस.

ह्या गाडीतल्या जागांना नंबर असतात, त्यांना आपण वस्तुमानांक म्हणतो: अणुकेंद्रातले प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन. प्रोटॉन किती ह्यावरून मूलद्रव्य ठरतं, म्हणून प्रोमेथियममध्ये ते ६१ च असणार. न्यूट्रॉन मात्र कमी-जास्त असू शकतात. ८४ न्यूट्रॉन घेतले तर १४५ नंबरची जागा, ८६ घेतले तर १४७. ऑस्ट्रियाच्या योझेफ माटाउख ह्यांनी १९३४ साली एक नियम मांडला. शेजारशेजारच्या दोन मूलद्रव्यांचा वस्तुमानांक एकच असेल तर दोघंही स्थिर राहू शकत नाहीत, एकाला उठावंच लागतं.

का उठावं लागतं? एका वाटीत गोटी सोडा. ती कडेवर थांबत नाही, बुडाशी जाऊन बसते. एकूण कण १४७ च आहेत असं धरलं, तर त्यातल्या एखाद्या न्यूट्रॉनचा प्रोटॉन होऊ शकतो किंवा उलटही होऊ शकतं. ह्यालाच बीटा क्षय म्हणतात. प्रत्येक वाटणीची ऊर्जा वेगळी, आणि विषम वस्तुमानांकासाठी वाटीला बूड एकच असतं. १४७ च्या वाटीचं बूड समॅरियमपाशी आहे. प्रोमेथियम कडेला बसलेली गोटी आहे. आज ना उद्या ती घसरणार.

मग समसंख्येच्या जागा घ्याव्यात, १४६ किंवा १४८? तिथे दुसरी अडचण येते. केंद्रातल्या कणांना जोडीने राहायला आवडतं. ६१ प्रोटॉन म्हणजे तीस जोड्या आणि एक सडाफटिंग. वस्तुमानांक सम हवा तर न्यूट्रॉनही विषमच लागतील, म्हणजे तिकडेही एक सडाफटिंग. असे दोन्हीकडून विषम अणू हलक्या मूलद्रव्यांत, नायट्रोजन-१४ पर्यंत, कसेबसे तग धरतात. एवढ्या वजनदार अणूंत त्यांचा निभाव लागत नाही. म्हणून प्रोमेथियमला विषम जागाच बघाव्या लागतात. तिथे काय दिसतं? १४३ आणि १४५ वर निओडिमियमचा रुमाल. १४७ आणि १४९ वर समॅरियमचा. त्याच्या आवाक्यातल्या जागा संपल्या.

एका मुलीने मला ह्यावर पेचात पकडलं होतं. "सर, एकोणसाठ पण विषम, त्रेसष्ट पण विषम. त्यांना कशी जागा भेटली?" प्रश्न रास्त आहे. प्रासिओडिमियमला १४१ मिळाली, युरोपियमला १५१ आणि १५३. ह्याचं उत्तर ८२ ह्या आकड्याशी जोडलं जातं. केंद्रात ८२ न्यूट्रॉन झाले की एक कप्पा गच्च भरतो आणि असं केंद्र विशेष स्थिर असतं. ह्या भरलेल्या कप्प्याच्या आजूबाजूला वाट्यांची बुडं थोडी सरकतात, आणि त्या सरकण्यात ६१ च्या वाट्याला एकही बूड येत नाही. ४३ क्रमांकाच्या टेक्नेशियमची गतही अशीच आहे. हायड्रोजनपासून शिशापर्यंतच्या ८२ मूलद्रव्यांत टिकाऊ रूप नसलेली ही दोनच.

(समॅरियम-१४७ सुद्धा काटेकोर बोलायचं तर किरणोत्सर्गी आहे. पण त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणारा काळ, दहा हजार सहाशे कोटी वर्षांच्या घरात, आणि पृथ्वीचं वय साडेचारशे कोटींच्या आसपास. त्याने घाई करावी असं काही नाही.)

एकसष्टची जागा मोकळी आहे ही शंका बाटली मिळण्याच्या कितीतरी आधी आली होती. प्रागच्या बोहुस्लाव ब्राउनर ह्यांनी १९०२ मध्येच सांगितलं, की निओडिमियम आणि समॅरियम ह्यांच्यातला फरक शेजाऱ्यांना शोभेल त्याहून मोठा आहे, मध्ये कोणीतरी असावं. मग १९१३-१४ मध्ये हेन्री मोझ्ले ह्या इंग्रज तरुणाने मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून प्रत्येकाला पक्का क्रमांक दिला. हजेरीपट ओरडून घ्यावा तसं झालं. एकसष्टला 'हजर' आलं नाही. पुढच्याच वर्षी मोझ्ले गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. वय सत्तावीस.

त्यानंतर जे झालं ते थोडं हास्यास्पद आहे. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या लोकांनी एकसष्ट सापडल्याचं जाहीर करून त्याला 'इलिनियम' नाव दिलं. लगेच इटलीतल्या फ्लॉरेन्सहून आवाज आला, की आम्ही हे आधीच शोधलंय आणि मोहोरबंद पाकिटात नोंदवून ठेवलंय, नाव 'फ्लोरेन्शियम'. मूल जन्माला यायच्या आधी बारशावरून भांडण. दोघंही चुकले होते, कारण ते खनिजांत शोधत होते आणि खनिजांत हाताला लागेल एवढं प्रोमेथियम नसतं. बिचाऱ्यांना हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. माटाउखचा नियम यायला अजून आठ वर्षं होती.

ते सापडलं राखेत. आपल्या कोराडीला कोळसा जळतो आणि मागे राख उरते. अणुभट्टीत युरेनियम फुटतं आणि मागे मधल्या वजनाच्या अनेक मूलद्रव्यांची सरमिसळ उरते. अमेरिकेतल्या ओक रिजला, त्या काळच्या क्लिंटन प्रयोगशाळेत, जेकब मरिन्स्की, लॉरेन्स ग्लेंडेनिन आणि चार्ल्स कोरियेल ह्या सरमिसळीवर काम करत होते. १९४५ मध्ये त्यांना एकसष्ट मिळालं. काम युद्धाच्या धामधुमीतलं, त्यामुळे जगाला कळायला १९४७ उजाडलं.

वेगळं कसं केलं ते बघण्यासारखं आहे, कारण लँथेनाइड एकमेकांपासून सोडवणं हे रसायनशास्त्रातलं डोकेदुखीचं काम. सगळ्यांचा स्वभाव सारखा. बहुतेक सगळे तीन इलेक्ट्रॉन सोडून +३ भाराचे आयन होतात. त्यांनी आयन-विनिमयाची पद्धत वापरली. बर्डीच्या मेन रोडवर शनिवारी संध्याकाळी एकाच वेळी शंभर माणसं सोडा. काही जण प्रत्येक दुकानाशी थबकणार, काही सरळ चालत सुटणार. पलीकडच्या टोकाला उभं राहिलात तर माणसं स्वभावानुसार वेगवेगळ्या वेळी पोचतील. राळेच्या बारीक मण्यांनी भरलेल्या लांब नळीतून द्रावण सोडलं की आयनांचं असंच होतं. कोणी मण्यांना जास्त बिलगतं, कोणी कमी, आणि खाली थेंब वेगवेगळ्या भांड्यांत गोळा करता येतात.

नाव सुचवलं कोरियेल ह्यांच्या पत्नी ग्रेस मेरी ह्यांनी. ग्रीक कथेतला प्रोमेथियस देवांकडून अग्नी चोरून माणसांना देतो आणि त्याबद्दल भयंकर शिक्षा भोगतो. आपल्याकडे ऋग्वेदात मातरिश्वा अग्नी आणून भृगूंना देतो, पण त्याला कोणी खडकाला बांधलेलं नाही. अणुबॉम्बच्या वर्षी सापडलेल्या मूलद्रव्याला शिक्षेची गोष्ट असलेलं नाव द्यावंसं वाटलं, ह्यात काही नवल नाही.

गुणधर्मांकडे वळू. शुद्ध धातू पहिल्यांदा १९६३ मध्ये तयार झाला. चंदेरी रंग, वितळायचं तापमान १०४२ अंश सेल्सिअस, घनता लोखंडापेक्षा किंचित कमी. क्षार गुलाबी. अंधारात त्याची संयुगं फिकट निळी-हिरवी चमकतात. सर्वांत टिकाऊ रूप प्रोमेथियम-१४५, अर्धायुष्य १७.७ वर्षं, पण कामाचं रूप प्रोमेथियम-१४७, अर्धायुष्य २.६२ वर्षं. काटोल-कळमेश्वरकडे संत्र्याचं कलम लावलं की फळावर यायला साधारण पाच वर्षं लागतात. कलम लावायच्या दिवशी तुमच्याकडे शंभर ग्रॅम प्रोमेथियम-१४७ असेल, तर पहिली संत्री तोडाल तेव्हा त्यातलं जेमतेम सव्वीस-सत्तावीस ग्रॅम उरलेलं असेल.

इतक्या घाईने संपणारी वस्तू शांत बसूच शकत नाही. एका ग्रॅमचा दहालाखावा भाग, म्हणजे डोळ्याला दिसेल न दिसेल असा कण घ्या. त्यात दर सेकंदाला सुमारे ३.४ कोटी अणू फुटतात आणि प्रत्येकातून एक वेगवान इलेक्ट्रॉन, म्हणजे बीटा कण, बाहेर पडतो. मात्र हे बीटा कण कमी ताकदीचे. काचेच्या पातळ तुकड्याने अडतात. अंगाबाहेर असलं तर बंदोबस्त सोपा, श्वासातून किंवा पोटातून आत गेलं तर हाडांत जाऊन बसतं आणि मग आतून मारा. शिवाय बीटा कण जड पदार्थात अडकताना थोडे क्ष-किरण निघतात. म्हणून हाताळणारे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीतच हाताळतात.

ही कमी ताकदच त्याच्या कामाला आली. घड्याळाच्या काट्यांना पूर्वी रेडियमचा रंग लावत, आणि त्याने तो लावणाऱ्या कामगारांच्या जबड्यांची काय दशा केली ते जगाला माहीत आहे. नंतर रेडियमऐवजी प्रोमेथियम आलं. झिंक सल्फाइडमध्ये अत्यल्प प्रोमेथियम मिसळायचं. बीटा कण आदळला की झिंक सल्फाइड चमकतं. ना सेल, ना वायर. अपोलो मोहिमांच्या चांद्रयानातल्या विजेच्या बटणांच्या टोकांना आणि चंद्रावर चालवलेल्या गाडीच्या पॅनेलवर हाच रंग होता.

इथे माझी एक फजिती सांगून टाकतो. मामांचं एक जुनं स्विस घड्याळ माझ्याकडे आहे. लहानपणी रजईत डोकं घालून त्याचे हिरवे आकडे बघितल्याचं आठवतं. आता पार विझलंय. वर्गात मी ते मोठ्या ऐटीत 'हे बघा प्रोमेथियम' म्हणून दाखवायचो. पट्टा बदलायला इतवारीत एका घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, तबकडी दिव्याखाली तिरपी केली आणि सहाच्या आकड्याखाली नखाने दाखवलं. इतकी बारीक अक्षरं की मी वीस वर्षांत पाहिली नव्हती: 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी 'टी'. टी म्हणजे ट्रिटियम, हायड्रोजनचा किरणोत्सर्गी भाऊ, अर्धायुष्य सव्वाबारा वर्षं. "तुमचं ते दुसरं अडीच वर्षांत बसून जाते म्हणता," घड्याळजी म्हणाले, "मंग ते कोण टाकीन घड्याळात?" प्रोमेथियमचा रंग घड्याळांतून का मागे पडला ह्याचं उत्तर ह्याहून नेमकं मला देता आलं नसतं.

बाकी उपयोगांपैकी बॅटरीचा सांगायलाच हवा. गच्चीवरचं सोलर पॅनेल प्रकाश घेतं आणि वीज देतं. तशाच सिलिकॉनच्या पातळ पट्ट्यांत प्रोमेथियम ऑक्साइड ठेवलं तर बीटा कणांपासून वीज मिळते. १९७० च्या दशकात अशा बॅटऱ्या हृदयाच्या पेसमेकरमध्ये बसवून माणसांच्या छातीत ठेवल्या गेल्या. अडचण एवढीच, की सोबत प्रोमेथियम-१४६ चा अंश राहिला तर तो भेदक गॅमा किरण सोडतो, म्हणून शुद्धीकरण फार कडक लागे. लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आणि हा खटाटोप थांबला. कागद किंवा प्लॅस्टिकच्या फिल्मची जाडी यंत्र चालू असतानाच मोजायलाही प्रोमेथियम वापरतात: एका बाजूने बीटा कण, दुसऱ्या बाजूला मोजणारा, कमी पोचले की फिल्म जाड झाली.

एवढं सगळं असून ह्याच्या रसायनाबद्दल एक साधी गोष्ट परवापरवापर्यंत मोजलेली नव्हती. लँथेनाइडांत डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रात एकेक प्रोटॉन वाढतो. सोबतचा इलेक्ट्रॉन आतल्या 4एफ कप्प्यात जातो, पण तो केंद्राची ओढ नीट अडवत नाही. त्यामुळे बाहेरचे इलेक्ट्रॉन आत खेचले जातात आणि अणू आकसतो. कमरेचा पट्टा दर घराला एकेक भोक घट्ट व्हावा तसा. लँथेनमचा आयन १०३ पिकोमीटर त्रिज्येचा, शेवटच्या ल्युटेशियमचा ८६. पुस्तकांत ही घसरण सरळ उताराने दाखवतात. पण द्रावणात, एकाच प्रकारच्या रेणूंच्या विळख्यात ठेवून पंधराच्या पंधरा भावंडं मोजायची तर एकसष्टपाशी अडायचं. आमच्या कपाटासारखंच.

२०२४ च्या मे महिन्यात ओक रिजच्याच शास्त्रज्ञांनी ही जागा भरली. त्यांनी पाण्यात विरघळणारा, लँथेनाइडांना चिमट्यासारखा पकडणारा एक सेंद्रिय रेणू बनवला. असे तीन रेणू मिळून नऊ ऑक्सिजन अणूंनी एका प्रोमेथियमला घेरतात. मग अमेरिकेतल्याच ब्रुकहेवन प्रयोगशाळेतल्या सिंक्रोट्रॉनचे, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून मिळवलेले, तीव्र क्ष-किरण त्यावर सोडून प्रोमेथियम ते ऑक्सिजन अंतर मोजलं. पूर्ण रांग एकत्र मांडल्यावर दिसलं, की आकसण्याचा वेग सुरुवातीच्या घरांत जास्त आहे आणि प्रोमेथियमनंतर तो बराच मंदावतो. हे कळणं निव्वळ हौसेचं नाही. निओडिमियम, समॅरियम असे शेजारी एकमेकांपासून सोडवायचे तर त्यांच्या मापातला हाच बारीक फरक पकडावा लागतो.

ह्या प्रयोगाची मला सर्वांत रंजक वाटलेली बाजू म्हणजे घड्याळाशी लावलेली शर्यत. प्रोमेथियम कितीही शुद्ध करा, त्याच क्षणापासून ते बदलू लागतं. मी मुलांना हे गणित फळ्यावर करायला लावतो: अर्धायुष्य २.६२ वर्षं, तर एक टक्का जायला किती वेळ? उत्तर येतं चौदा दिवस. म्हणजे सोमवारी निर्मळ नमुना करून बाटलीत भरला, तर पुढच्याच्या पुढच्या सोमवारी त्यात शंभरात एक अणू परका झालेला असतो. आणि तो परका कोण, तर समॅरियम-१४७. त्या जागेवर आधीपासून रुमाल टाकून बसलेला शेजारीच.